तापीकाठचे खाणे

तापी खानदेशातून वाहत येऊन सुरतेपुढे सागरास मिळते. तिच्याच वाटेने आपली पुष्कळ कुटुंबे लिंबायतीत आली आणि कळण्याची भाकरी व वांग्याचे भरीत बरोबर घेऊन आली. सुरतेचे खाणे आपणांस प्रथम परके वाटते. परंतु थंडीतला येथील पोंक म्हणजे आपला हुरडाच होय. ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यावर भाजून दाणे काढावयाचे. आपण ते शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खातो, सुरतकर लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर. कोजागिरीस आपण दूध आटवितो, तर दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्यास, ते माव्याची घारी खातात.

मुलांनी हे सारे आवडीने खावे. मात्र ज्वारीत उडीद मिसळून केलेले कळण्याचे दळण घरातून गेले, तर त्याची चव त्यांना नुसती सांगून कळणार नाही. बंधुभगिनींनो, ते दळण चालू ठेवावे, एवढीच आमची विनंती.