तेलाच्या डब्याला दोन भोकं आणि आमची जुनी बुलेट

आम्ही चौघी मुंबईतल्या मुलुंडच्या, एकाच बचत गटातल्या. आज एका जुन्या मोटारसायकलबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गटात शेळ्या, पापड, शिवणयंत्र असे विषय असतात, त्यात बुलेट कुठून आली? पण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या दारात एक जुनी गाडी उभी असेल. दूध डेअरीला तीच पोचवते, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात तीच नेते. आणि ती बंद पडली की अख्खं घर मिस्त्रीची वाट बघत बसतं. म्हणून हे बोलणं तुमच्याही कामाचं आहे.

आमची गाडी 1989 सालची बुलेट 350. आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांची. त्यांचं गाव जुन्नर तालुक्यातलं ओतूर. मुलुंडहून कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढायचा, की पुढे ओतूर. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वर्षानुवर्षं ते याच गाडीवर गेले. ते वारल्यावर गाडी दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. मग घरात विषय निघाला, भंगारात देऊन टाकू. सूनबाई म्हणाली, मी चालवीन. आणि तिच्याबरोबर आम्ही तिघी.

गाडी एका मिस्त्रीकडून चालू करून घेतली. पण जुन्या आग्रा रोडवर, म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्गावर, पंधरा-वीस मिनिटं चालली की आचके देऊन बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. असं तीनदा झालं. मिस्त्री म्हणाला, "इंजिन गरम होऊन पिस्टन धरतोय. इंजिन खोलावं लागेल, बोअर करावं लागेल." खर्च ऐकून आम्ही गप्प झालो. घरातले म्हणाले, बघा, आम्ही आधीच सांगत होतो.

आमच्यातली एक खानावळ चालवते. तिच्या मनात एक गोष्ट आली. तेलाचा पंधरा किलोचा डबा उघडताना आपण काय करतो? एकाच कोपऱ्यात भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत अडखळतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार नीट लागते. तेल बाहेर यायचं तर आत हवा जायला हवी. मग पेट्रोलच्या टाकीचं काय? तिथे हवा कुठून जाते?

ती जाते टाकीच्या झाकणातून. झाकणाला एक बारीक भोक असतं. पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा आम्ही दुसरं काही केलं नाही, फक्त झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. दोन मिनिटांत गाडी चालू. झाकणाचं भोक गंजाने आणि धुळीने बुजलं होतं. टाचणीने मोकळं केलं, झाकण घासलेटने धुतलं. इंजिन खोलायची गरजच नव्हती.

त्या दिवशी आम्हाला एक कळलं. यंत्र म्हणजे जादू नाही. आपण घरात जे रोज बघतो तेच तिथे चालतं. चुलीला काय लागतं? सरपण, काडी आणि वारा. गाडीच्या इंजिनालाही तेच तीन लागतं: पेट्रोल, ठिणगी आणि हवा. गाडी बंद पडली की घाबरायचं नाही, तीन गोष्टी क्रमाने बघायच्या.

पहिलं पेट्रोल. टाकीत आहे का? कॉक उघडा आहे का? कॉक बंद करून कार्बोरेटरला जाणारी नळी काढा, खाली छोटी बाटली धरा आणि कॉक उघडा. धार सारखी येते की थांबते? थांबली तर झाकण उघडून बघा. आजूबाजूला विडी, काडी, चूल काही नको, आणि इंजिन गार असू द्या.

दुसरं ठिणगी. हे बघण्याआधी नळी जागेवर बसवा, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या. मग प्लग काढा, पुन्हा त्याच्या टोपीत बसवा, प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या उघड्या भोकापासून हे लांब करा, आणि टोपी धरताना हात कोरडा हवा. निळसर, जोरकस ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरतुकडी असेल किंवा दिसतच नसेल तर आधी प्लग बदलून बघा. जुन्या बुलेटमध्ये यामागे 'पॉइंट' असतात, म्हणजे उघडझाप करणारे दोन छोटे धातूचे ठिपके. ते काळे पडले की ठिणगी मरते. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात 0.35 ते 0.40 मिलिमीटर फट हवी. ती फीलर गेजने, म्हणजे मोजमाप लिहिलेल्या पातळ पात्यांनी, मोजतात.

तिसरं हवा. एअर फिल्टर धुळीने भरला की गाडीचा दम कोंडतो, सायलेन्सर काळा धूर सोडतो. गावच्या कच्च्या रस्त्यावर हे लवकर होतं.

आता रोजच्या निगराणीचं. आमच्या बुलेटचं इंजिन जुन्या बनावटीचं, बिडाच्या सिलिंडरचं. त्यात तेल एकाच ठिकाणी नसतं. इंजिनचं वेगळं, क्लचच्या बाजूच्या चेनकेसचं वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. आम्हाला हे माहीत नव्हतं. एकीकडे तेल भरलं आणि वाटलं झालं काम. तुमच्या घरची आजच्या बनावटीची साधी गाडी असेल तर तिच्यात बहुतेक एकच तेल असतं. पण पातळी मात्र दोन्हींत बघावीच लागते.

चेन महिन्यातून एकदा घासलेटने पुसून तेल लावतो. चाक हळूहळू फिरवून चेन जिथे सर्वात ताठ होते तिथे ती बोटाने वर-खाली करून बघतो. आमच्या गाडीला एक इंचाच्या आसपास ढील लागते. फार ताठ केली तर बेअरिंग खाते, फार ढिली राहिली तर निसटते. चेन ओढताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि त्यानंतर मागचा ब्रेक पुन्हा तपासायचा, कारण चाक मागे सरकलं की ब्रेकही बदलतो. हे विसरू नका.

बुलेटचा टॅपेटही आम्ही स्वतः लावतो. इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी. उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं की आत दोन सळया दिसतात. प्लग काढून, गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं. पिस्टन दाबाच्या वेळी वर आला की दोन्ही सळया मोकळ्या होतात. त्या दोन बोटांनी फिरल्या पाहिजेत, पण वर-खाली खुळखुळायला नकोत. एवढंच. टकटक आवाज येत असेल तर आधी हे बघायचं.

किकचंही सांगतो, कारण "बायकांना बुलेटची किक बसणार नाही" हे आम्ही फार ऐकलं. त्यात ताकद कमी लागते, समज जास्त. हँडलजवळच्या ॲमीटरचा काटा बघत किक हळू दाबायची. काटा एका बाजूला जाऊन परत मध्ये आला की थांबायचं. मग डीकॉम्प्रेसरचा छोटा दांडा दाबून किक किंचित खाली न्यायची, दांडा सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदम पूर्ण मारायची. हे न करता नुसता जोर लावला तर किक उलटी मारते आणि घोटा दुखावतो. आमच्यातली सर्वात किरकोळ बाईही आता एका-दोन किकमध्ये गाडी चालू करते. तशा गाडी चालवणाऱ्या बायका आता खूप आहेत. 2011 साली 'बायकर्नी' नावाची बायकांची मोटारसायकल संघटनाही सुरू झाली.

आमची चूकही सांगायला हवी. पहिल्यांदा इंजिनचं तेल बदललं तेव्हा खालचा बोल्ट आम्ही जोर लावून आवळला. म्हटलं, गळायला नको. बोल्ट लोखंडाचा, घर ॲल्युमिनियमचं. आटे गेले आणि तेल ठिबकायला लागलं. शेवटी मिस्त्रीकडेच जावं लागलं. तेव्हापासून नियम: बोल्ट आधी हाताने फिरवायचा, पाना शेवटी, आणि ज्या जोराने घरातल्या बरणीचं झाकण लावतो त्याहून थोडासाच जास्त. काढलेलं तेल गटारात किंवा शेतात ओतायचं नाही, बाटलीत भरून गॅरेजला द्यायचं.

म्हणजे मिस्त्री नकोच असं नाही. ब्रेकचे लायनर, चाकाचे स्पोक ओढणं, इंजिनच्या आतलं काम आम्ही त्याच्याकडेच देतो. चुकलं तर जिवावर येणारं काम शिकाऊ हाताने करायचं नसतं. फक्त आता आम्ही समोर उभ्या राहतो, काढलेला जुना पार्ट परत मागतो आणि "हा का बदलला?" असं विचारतो. चांगला मिस्त्री सांगतो, आवडीने सांगतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट आणायला जाताना आम्ही जुना पार्ट पिशवीत घालून नेतो, म्हणजे चुकीचं सामान येत नाही.

जुन्या गाडीचे कागदही जपावे लागतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर 5 वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती पुढे वाढवावी लागते. आमची गाडी एमएच 03, म्हणजे वडाळ्याच्या कार्यालयाची. विमा आणि पीयूसी वेगळे. गाडीचा मालक वारला असेल तर गाडी आपल्या नावावर करून घ्या. हे काम लांबवलं तर पुढे बाईचीच अडचण होते.

बचत गटातल्या बायकांना नोंदवही नवी नाही. आम्ही गाडीचीही वही ठेवली. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती खर्च. आता कुणी म्हणालं "तेल बदलायला झालं", तर वही उघडून दाखवतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही माळशेज चढून ओतूरला गेलो. टोकावड्याच्या पुढे क्लचची केबल तुटली. भोवती माणसं जमली, कुणी टेम्पो बघू म्हणालं. सासऱ्यांच्या सुनेने डिकीतून नवी केबल काढली आणि अर्ध्या तासात बसवली. गावी पोचल्यावर सासूबाईंनी आधी गाडीवर हात फिरवला, मग आमची चौकशी केली.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला एक गाडी मध्ये उभी करा. पाने, पक्कड, प्लगचा पाना, फीलर गेज, एक जादा प्लग आणि एक क्लचची केबल एवढं सामान गटाने मिळून घ्या. पहिल्या दिवशी फक्त टाकीचं झाकण आणि प्लग उघडून बघा. पुढचं आपोआप सुचत जाईल.