रोलरचे वजन आणि इंजिनाची शक्ती

धाराशिव जिल्ह्यातील मुरुमसारख्या गावात गिअर नसलेल्या स्कूटरवर दोन माणसे आणि पायाशी एखादे पोते हा नेहमीचा भार असतो, आणि तो घेऊन गाडी चढाला टिकते की दमते, हे इंजिनाइतकेच पुढच्या पुलीतील काही ग्रॅम वजनाच्या रोलरवरही अवलंबून असते. बर्फावर धावणाऱ्या चार-स्ट्रोक स्नोमोबाइलची शक्ती याच तत्त्वाने, म्हणजे व्यास बदलणाऱ्या दोन पुल्या आणि त्यांवरील बेल्ट यांच्यामार्फत पुढे जाते. महाराष्ट्रात ही रचना सर्वतोमुखी झाली ती फिरोदिया उद्योगसमूहाने होंडाच्या साहाय्याने 1984 मध्ये आणलेल्या, दोन-स्ट्रोक इंजिनाच्या कायनेटिक होंडामुळे.

टॉर्क म्हणजे इंजिनाचा दांडा फिरवणारा पीळ, तर शक्ती म्हणजे तो पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. होंडा ॲक्टिव्हाच्या 110 सीसी वर्गातील चार-स्ट्रोक इंजिनाचा कमाल टॉर्क, सुमारे 8.8 न्यूटन-मीटर, मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो, परंतु सुमारे 7.8 अश्वशक्तीची कमाल शक्ती 8000 फेऱ्यांवर मिळते, कारण कमाल टॉर्कच्या टप्प्यापुढे टॉर्क उतरत असला तरी फेरे त्याहून जलद वाढतात. ठरावीक वेगाला मागच्या चाकाला मिळणारा जोर त्या क्षणीच्या शक्तीवर ठरतो. म्हणून चढावर फेरे कमाल शक्तीजवळ राखणे फायद्याचे असते.

हे काम रोलर करतात. फेरे वाढले की ते केंद्रापासून बाहेर सरकतात, पुढच्या पुलीच्या दोन्ही चकत्या जवळ येऊन बेल्ट त्यांवर वर चढतो, आणि मागच्या पुलीत स्प्रिंगच्या विरोधात खाली उतरतो. हलके रोलर हे सरकणे लांबवत असल्याने इंजिन अधिक फेऱ्यांवर फिरते आणि पिकअप वाढतो, मात्र सपाट रस्त्यावर इंधन जास्त लागते. जड रोलर याउलट वागतात. मागची स्प्रिंग कडक केली, तर भार येताच पुल्या खालच्या प्रमाणावर लवकर परततात. स्कूटरमध्ये मागच्या बाजूला स्वतंत्र केंद्रोत्सारी क्लच असतो, परंतु स्नोमोबाइलमध्ये पुढची पुलीच बेल्ट पकडते आणि सोडते, म्हणून तेथे पुलीलाच क्लच म्हणतात.

दोन-स्ट्रोक इंजिनाची शक्ती फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते, चार-स्ट्रोकची बहुधा अधिक पसरलेली. तरीही जुळणीची गरज टळत नाही. यामाहाच्या 2003 च्या हंगामातील आरएक्स-1 या स्नोमोबाइलचे इंजिन 10000 फेऱ्यांच्या घरात फिरत असल्याने, इंजिन आणि पुलीच्या मध्ये फेरे कमी करणारे दंतचक्र बसवावे लागले.

रोलर बदलून नवी शक्ती निर्माण होत नाही, असलेली शक्ती कोणत्या फेऱ्यांवर वापरायची एवढेच ठरते; त्यामुळे चढाला दमणाऱ्या स्कूटरचे रोलर बदलण्याआधी ते झिजून चपटे झाले आहेत का आणि बेल्टची रुंदी कमी झाली आहे का, हे तपासणे शहाणपणाचे ठरते.