सूत्र पाठ, संकल्पना कच्ची

पेलाभर पाण्यात ५० ग्रॅम बर्फाचा एकसंध तुकडा टाकला आणि तशाच दुसऱ्या पेल्यात ५० ग्रॅम बर्फाचा चुरा टाकला, तर सारा बर्फ वितळल्यावर कोणते पाणी अधिक थंड असेल? अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी ‘चुऱ्याचे’ असे उत्तर देतात. चुऱ्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने पाणी लवकर थंड होते, हे खरे. परंतु बाहेरून येणारी उष्णता वगळली, तर दोन्ही पेल्यांचे अंतिम तापमान सारखेच असते. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती बर्फाच्या आकारानुसार बदलत नाही. येथे गल्लत होते ती ‘वेग’ आणि ‘प्रमाण’ यांची.

असे गैरसमज अज्ञानातून नव्हे, तर अनुभवातून उपजतात. एकाच खोलीतील लाकडी पाटापेक्षा स्टीलचे ताट हाताला गार लागते. वास्तविक दोहोंचे तापमान एकच असते. धातू हाताची उष्णता अधिक वेगाने खेचून घेतो, इतकेच. ‘वीज खर्च होते’ या रोजच्या बोलण्यामुळे एकसर जोडणीतील पहिला दिवा विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’, असे वाटते. प्रत्यक्षात धारा सर्वत्र सारखीच असते. रूपांतर होते ते ऊर्जेचे.

सूत्रांत आकडे घालून परीक्षा उत्तीर्ण होता येते आणि गैरसमज तसाच राहतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. शीतकरणासाठी थंड पाण्याचा पुरवठाच अपुरा असताना असा अभियंता केवळ नळ्यांची संख्या वाढवीत बसेल.

यावर उपाय आहे. डेव्हिड हेस्टेनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलविषयक संकल्पनांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड नव्हती. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या प्रचलित समजुतींतूनच घेतलेले होते. अशा चाचण्यांच्या आधारे रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची तुलना केली. विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करण्यास लावणाऱ्या वर्गांतील प्रगती केवळ व्याख्यान ऐकणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळली.

हार्वर्डचे एरिक माझूर यांनी रुजविलेल्या पद्धतीत प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला ते पटवायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. त्याला प्रयोगाची जोड देता येते. बर्फाच्या प्रयोगाला दोन पेले, एक तापमापी आणि थोडा वेळ पुरतो. मात्र प्रयोगापूर्वी अंदाज लिहून घेणे आवश्यक आहे. कारण स्वतःचा अंदाज चुकलेला दिसल्याखेरीज जुनी समजूत सहसा जागा सोडत नाही.