मुठीचा ठसा

आमच्या सोलापुरात नक्षी छापण्यापेक्षा विणण्याला मान. चादरीवरचा मोर वरून उमटवलेला नसतो. जकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमानं धागे वरखाली होतात आणि तो विणीतच उतरतो. बँकेत असताना यंत्रमागांच्या कर्जप्रकरणांपायी माझी बरीच वर्षं पूर्व भागात गेली. छापील पलंगपोसाचं नाव काढलं, की तिथले पद्मशाली विणकर नाक मुरडायचे.

बायकांचं छापकाम मात्र घरोघरी चालूच होतं. त्याला कुणी कला म्हणत नसे, इतकंच. भाद्रपदात महालक्ष्म्या (पुण्याकडच्या गौरी) येतात, तेव्हा उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं उमटवतात. मूठ वळायची, करंगळीकडची कड ओल्या कुंकवात बुडवून फरशीवर टेकवायची, की झाला तळवा. वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके. उजव्या मुठीनं उजवं पाऊल, डाव्या मुठीनं डावं. आता पावलांचे स्टिकर मिळतात. सोय आहे, मी नावं ठेवत नाही. पण सगळी पावलं एका मापाची! आमच्याकडे उंबऱ्याशी ठसठशीत असलेली पावलं स्वयंपाकघरापर्यंत पोचता पोचता फिकी व्हायची. लक्ष्मी दमली, असं मुलं म्हणायची.

गेल्या भाद्रपदात सौ.ची मूठ वळेना. संधिवात. पावलं सुनेनं काढली, आणि ही दिवसभर गप्प होती.

दिवाळीला नात आली. ती पुण्यात नोकरीला, घर भाड्याचं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही, ही मालकाची अट. "आजी, तुझी मूठ मला कापडावर दे. पडदा शिवीन. घर बदललं तरी सोबत येईल," ती म्हणाली. "वाकड्या मुठीचं काय कौतुक?" म्हणून हिनं उडवून लावलं. नात हटली नाही.

छपाईची तयारी आदल्या रात्रीपासून लागते, हे मला तेव्हा कळलं. मांजरपाटाला खळ असते. ती असेपर्यंत रंग धाग्यात शिरत नाही. म्हणून कापड रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून इस्त्री केलं. टेबलावर घोंगडी, तिच्यावर जुनं लुगडं, वर ताणून कापड. कडक पृष्ठभागावर ठसा अर्धाच उठतो. थाळीत फोमचा तुकडा ठेवून त्यावर रंग पसरला. ठसा रंगात बुडवायचा नाही, फोमवर हलकेच टेकवायचा. एरवी आमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, की रंग ठशावरच वाळतो. मग हे काम सकाळीच उरकावं.

काठासाठी नातीनं लाकडी ठसा आणला होता. गुजरातेत गांधीनगरजवळ पेथापूर नावाचं गाव आहे. तिथले कारागीर सागवानावर असे ठसे कोरतात. लाकूड तडकू नये म्हणून नवा ठसा काही दिवस तेलात मुरवतात. ठशाला आरपार बारीक भोकं असतात, दाबताना अडकलेली हवा आणि जादा रंग निघून जावा म्हणून. हे बघून मला जकार्डचे पुठ्ठे आठवले. नक्षीचं आणि भोकांचं काहीतरी नातं असावं! ठसा नसेल तर भेंडी आडवी कापा, पाच पाकळ्यांचं फूल तयार. फक्त कापलेली बाजू आधी टिपून घ्या, नाहीतर रंग चिकटाळून पसरतो.

शेवटी आजीची पाळी. सुनेनं मनगटाला आधार दिला. बोटं पुरती न मिटल्यामुळे पहिलं पाऊल पसरट उमटलं, मध्ये एक फट राहिली. "हे पूस, दुसरं काढू," ही म्हणाली. कापडावरचं पुसता येत नाही, हे एका दृष्टीनं बरंच झालं. दुसरंही तसंच आलं. तिसऱ्यापासून हिनं कुरकुर सोडली, आणि अकराव्याला तर सुनेचा हात बाजूला सारला.

चोवीस तास वाळल्यावर उलट बाजूनं गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे रंग पक्का होतो. ते काम माझ्याकडे आलं. घडी घालताना नातीनं बजावलं, "आबा, पावलं आत येणारी दिसली पाहिजेत हं. पडदा उलटा टांगला, तर लक्ष्मी बाहेर जायची." म्हणून वरच्या कडेला खडूनं बाणाची खूण करून दिली.