उंदराचा नकाशा आणि माणसाचा चकवा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भाताची कापणी आटोपली कीं कातकरी मंडळी बांधांतील उंदरांचीं बिळें खणूं लागतात. बिळाला एकाहून अधिक तोंडें असतात, हें खणणाराला पक्कें ठाऊक असतें. एक तोंड बुजविलें कीं उंदीर निमिषार्धांत दुसऱ्याकडे धांवतो. मिट्ट अंधारांत हें त्याला साधतें कसें?

उंदीर केवळ डावें-उजवें वळण पाठ करीत नाहीं, तर मनांत जागेचा नकाशाच रचतो, असें टोलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९४८ सालीं प्रतिपादिलें. मेंदूंत हिप्पोकॅम्पस नांवाचा, समुद्रघोड्यासारखा वांकडा भाग असतो. त्यांतील कांहीं पेशी उंदीर ठराविक जागीं आला म्हणजेच उद्दीपित होतात, असें लंडनमध्यें ओकीफ व दोस्त्रोव्हस्की यांना १९७१ सालीं आढळलें. ओकीफ यांना पुढें २०१४ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

हा भाग दुखावला तर? मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग मोठा बोलका आहे. गोल हौदांतील पाणी दुधानें गढूळ करून त्याखालीं एक चौथरा दडविला. (प्रयोगशाळेंतला उंदीर बांधावरच्या उंदराहून जातीनें निराळा, पण पाण्यांतून सुटण्याची घाई दोघांनाहि सारखीच!) धडधाकट उंदीर थोड्याच दिवसांत, कोणत्याहि काठावरून सोडला तरी, खोलींतील खुणा पाहून नीट चौथरा गांठूं लागला. हिप्पोकॅम्पस नष्ट केलेला उंदीर मात्र हौदभर भटकत राहिला. चौथरा पाण्यावर दिसूं लागतांच तोहि सरळ पोहत गेला. म्हणजे दृष्टि शाबूत, हातपाय शाबूत; हरपली होती ती जागेची स्मृति.

खेड्यांत रात्रीं कोणी वाट चुकला कीं त्याला चकवा लागला म्हणतात. थकल्याभागल्या वाटसरूचें तें असो. परंतु जन्म काढलेल्या आळींतच वृद्ध मनुष्य वारंवार चुकूं लागला, तर निराळी शंका घेतली पाहिजे. आल्झायमरच्या विकारांत हिप्पोकॅम्पस व त्याच्या शेजारचा भाग आरंभींच झिजूं लागतो. घरचीं माणसें मात्र 'डोळे फुटले काय?' म्हणून त्याच्यावर खेंकसतात.

शंका उशिरां येण्याचें एक कारण १९९० सालच्या प्रयोगावरून उमगतें. हिप्पोकॅम्पसचे जोडतंतू तोडलेला उंदीर दररोज एकाच काठावरून सोडल्यास हळूहळू चौथरा गांठावयास शिकला. काठ बदलतांच चुकूं लागला. पुढच्या दारानें निघून रोज बिनचूक देवळांत जाऊन येणारे आजोबा एखाद्या दिवशीं परसदारानें बाहेर पडतात आणि विहिरीपाशीं गोंधळून उभे राहतात, तें बहुधा याच जातीचें असावें.