कोलेट्टीच्या मागे धावलेले बर्लिन

जर्मन मूकपटांचा विषय निघाला की आपले जाणकार थेट १९२० साली ‘डॉ. कॅलिगारी’च्या रंगवलेल्या भिंतींपाशी जाऊन उभे राहतात. त्याआधीचा सगळा जत्रेतला खेळ, असा त्यांचा निकाल ठरलेलाच. माझे म्हणणे असे, की शहराकडे पाहण्याची नजर जर्मन सिनेमाला गुप्तहेरपटांनी दिली, आणि त्यातही माक्स माकच्या १९१३ सालच्या ‘वो इस्ट कोलेट्टी?’ने. गुन्हेगार निसटू दिल्याबद्दल वर्तमानपत्रातून बोलणी खाल्लेला कोलेट्टी पैज लावतो: माझे चित्र शहरभर लावा, ४८ तासांत मला धरील त्याला एक लाख मार्क! मग भिंतीभिंतीवर त्याचा चेहरा झळकतो. चित्रपटगृहातही तोच चेहरा पडद्यावर येतो आणि प्रेक्षक पाठलागाला निघतात. इकडे त्याचा न्हावी तोतया कोलेट्टी बनून गर्दीला हुलकावण्या देत फिरतो. खऱ्या बर्लिनच्या खऱ्या रस्त्यांवर जो तो हेर झालेला, आणि हेराच्या वाट्याला मात्र फरारी गुन्हेगाराचे जिणे!

आता फ्रिट्झ लांगचा १९३१ चा ‘एम’ आठवा. तिथेही भिंतीवर इनामाचे पत्रक आहे, दहा हजार मार्कांचे. तिथेही अख्खे शहर एका माणसाच्या मागे लागते, आणि ज्याच्या त्याच्या मनात शेजाऱ्याविषयी संशय. माकने ज्यावर हसवले, त्यावरच लांगने थरकाप उडवला. लांगने ‘कोलेट्टी’ पाहिला होता याला पुरावा काय, असे कोणी विचारील. पुराव्यावाचून अडत नाही, कारण लांग वाढला तो याच तालमीत: यो मायच्या जो डीब्ज या हेरमालिकेसाठी त्याने १९१७ मध्ये पटकथा लिहिली होती. (या मालिका, एर्न्स्ट राइशरचा स्टुअर्ट वेब्ज धरून, पुढेपुढे साच्यातल्या गणपतींसारख्या निघाल्या. त्यांत रेंगाळण्यात अर्थ नाही.)

दुसरा आक्षेप वजनदार आहे. चित्रपट-अभ्यासक क्राकाउअरने १९४७ च्या आपल्या ग्रंथात मांडले, की लोकशाही न मुरलेल्या जर्मनीला स्वतःचा होम्स घडवता येईना, म्हणून तिथले हेर इंग्रजी नावांचे. आपल्याकडे हे वाक्य वेदवाक्यासारखे फिरते. पण निक कार्टरच्या स्वस्त पुस्तिकांवर पोसलेल्या वाचकाला तिकीटखिडकीशी आणायचे तर इंग्रजी नावच खपणार, हा सरळ धंद्याचा हिशेब होता. इंग्लंडशी युद्ध पेटल्यावरही वेब्ज पडद्यावरून हटला नाही, तो याच हिशेबाने. शिवाय ‘कोलेट्टी’ या नावात इंग्रजी आहेच कुठे? आणि ज्यांना या पटांत कारागिरी दिसत नाही, त्यांनी १९१४ च्या ‘डेर हुंड फॉन बास्करव्हिल’ची श्रेयनामावली पाहावी. छायालेखक कार्ल फ्रॉइंड, पुढे ‘मेट्रोपोलिस’ चित्रित करणारा. नेपथ्य हेर्मान वार्मचे, म्हणजे ‘कॅलिगारी’च्या त्या भिंती उभारणाऱ्या तिघांतल्या एकाचे. आणि शहराकडे पाहण्याची ती नजर? आजच्या वेबमालिकांतला हेर खुर्चीतून न उठता मोबाइलचे लोकेशन पाहतो; रस्ता दिसतो तो ड्रोनमधून, तोही श्रेयनामावलीपुरता.