भाद्रपदेच्या चौकोनाशेजारी

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, करडीच्या शिवारात त्या दिवसांत हलक्या धानाची कापणी उरकत आलेली असते. बांध्यांत कडपा वाळत पडलेल्या असतात. फटाक्यांचा भर ओसरला की गावाबाहेरचे आभाळ मोकळे होते. रात्री आठ-नऊच्या सुमाराला बांधावर उभे राहून मान सरळ वर केली, तर डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. पंचांगातल्या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा त्या याच. चौकोनाची पश्चिमेकडची बाजू पूर्वा भाद्रपदेची. त्या बाजूच्या मध्यावर, चौकोनाच्या किंचित बाहेर, एक मंद ठिपका आहे. डोळे अंधाराला चांगले सरावल्याशिवाय तो सापडत नाही, आणि सापडला तरी पुन्हा वळून बघावे असे त्याच्यात काही दिसत नाही. त्याचे नाव ५१ पेगासी.

सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह माणसाला सापडला तो या ठिपक्यापाशी. करडीचे अक्षांश एकवीस अंशांच्या थोडे वर, आणि आकाशात या ताऱ्याचे स्थानही जवळपास तेवढ्याच उत्तरेला. त्यामुळे दिवाळीच्या दिवसांत तो करडीच्या अगदी माथ्यावरून जातो. तिथून प्रकाश निघाला की इथे पोहोचायला पन्नास वर्षे लागतात.

तो ग्रह मात्र अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. बाह्यग्रहांची सारी गोष्ट याच अडचणीतून सुरू होते. तारा स्वतःच्या तेजाने झगमगतो, ग्रह त्याच्या उसन्या उजेडावर असतो. आपला गुरू ग्रह लांबून पाहिला तर दृश्य प्रकाशात सूर्याच्या सुमारे अब्जाव्या हिश्श्याइतका उजळ दिसेल, आणि तोही सूर्याला अगदी चिकटून. भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्यात वाघ क्वचितच समोर येतो. वाटेवरच्या मातीत पंजा उमटलेला असतो, झाडावर नखांचे ओरखडे असतात, आणि जाणता माणूस तेवढ्यावरून तो नर की मादी, कधी गेला, हे सांगतो. खगोलविदांनीही ग्रहांचा माग असाच काढला. ग्रह दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी ग्रहामुळे ताऱ्याचे काय होते ते पाहिले.

फुगडीत एक थोरली आणि एक धाकटी असली, तर धाकटी गरगर मोठा फेरा घेते, पण थोरलीही एका जागी ठाम राहत नाही. तिचाही पाय लहानशा वर्तुळात सरकत राहतो. तारा आणि ग्रह तसेच, दोघेही सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. गुरूच्या ओढीने सूर्य सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगाने डोलतो, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीने जेमतेम नऊ सेंटिमीटर. हे डोलणे मोजायचे ते ताऱ्याच्या वर्णपटातून. भंडारा रोड स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा येताना चढा आणि जाताना उतरता ऐकू येतो. प्रकाशाचेही तसेच होते. तारा आपल्याकडे सरकताना वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला हलतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. हा हेलकावा नियमाने पुन्हा पुन्हा येत असेल, तर ताऱ्याला कुणीतरी ओढते आहे.

जिनिव्हाचे मिशेल मेयर आणि त्यांचे विद्यार्थी दिदिए क्वेलो यांनी दक्षिण फ्रान्समधल्या वेधशाळेतून ५१ पेगासीच्या रेषा मोजल्या तेव्हा त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. तारा सेकंदाला पन्नास मीटरहून अधिक वेगाने मागेपुढे होत होता आणि एक फेरा फक्त ४.२ दिवसांत पुरा होत होता. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह ताऱ्याला इतका खेटून कसा असेल? सूर्यमालेत बुधालाही एका फेरीला ८८ दिवस लागतात. पुन्हा वेध घेतले, पुन्हा तेच आले. ६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीतल्या फ्लोरेन्सच्या परिषदेत त्यांनी हा शोध जाहीर केला. २०१९ साली दोघांना नोबेल मिळाले.

त्याच फ्लोरेन्समध्ये, त्याच परिषदेत आणखी एक शोध जाहीर झाला आणि त्याचा धागा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडपर्यंत येतो. १९५६ साली कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये होते. त्यांच्या गटाने पालोमारच्या ६० इंची दुर्बिणीवर अशी सोय केली होती, की मधला तारा झाकला जाईल आणि त्याच्या बाजूचे अंधूक काही उमटेल. उन्हात डोळ्यांवर हात धरून लांबचा माणूस ओळखावा, तशी ही युक्ती. ग्लीझ २२९ या सुमारे १९ प्रकाशवर्षांवरच्या लाल ताऱ्याशेजारी १९९४ साली त्यांना एक ठिपका दिसला. तो ताऱ्याबरोबरच आकाशात सरकतो आहे की मागचा कुणी भलताच आहे, हे ठरवायला त्यांनी वर्षभर वाट पाहिली. मग वर्णपटात मिथेन सापडला. ताऱ्यावर मिथेन टिकत नाही, तिथे फार उष्णता असते. म्हणजे हा तारा नव्हे, आणि ग्रह म्हणावा तर वस्तुमान फार. ताऱ्याच्या पंगतीला पोहोचू न शकलेला, आतली भट्टी पेटलीच नाही असा तो तपकिरी बटू. अशा वस्तूचा तो पहिला निर्विवाद पुरावा. २०२४ साली कळले की हा ठिपका एक नसून दोन आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे.

मराठी वाचकांना फ्लोरेन्सची ही अर्धी बाजू फारशी सांगितली गेलेली नाही. ती सांगायला हवी, कारण ग्रहाचे थेट छायाचित्र घेण्याची वाट तिथूनच पुढे गेली. २००८ साली हवाईतल्या केक आणि जेमिनी दुर्बिणींनी एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह चित्रात टिपले, पुढे चौथाही मिळाला. ते कोवळे आहेत, जन्मतापाने अजून धगधगताहेत, म्हणून अवरक्त प्रकाशात उठून दिसतात. आणि हा तारा कुठे? पुन्हा पूर्वा भाद्रपदेपाशी, ५१ पेगासीपासून अडीच अंशांवर. हात लांब करून धरला तर दोन बोटांत दोन्ही झाकतात.

कुलकर्णींचा आणखी एक शोध या गोष्टीला मागच्या दाराने येऊन मिळतो. १९८२ साली डॉन बॅकर आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा स्पंदक तारा शोधला. अशा ताऱ्याचे ठोके उत्तम घड्याळासारखे पडतात. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, अलेक्झांडर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांना याच जातीच्या दुसऱ्या एका स्पंदकाचे ठोके किंचित लवकर, किंचित उशिरा पडताना आढळले. त्याच्याभोवती ग्रह फिरत होते. सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह खरे तर हेच, एका मेलेल्या ताऱ्याभोवतीचे.

पण पहिला दावा याहून फार जुना आहे, आणि तो करणारा माणूस पुण्याला पुरेपूर ओळखत होता. विल्यम स्टीफन जेकब हा मुंबई इंजिनिअर्समधला कंपनी सरकारचा अधिकारी. सर्वेक्षणाच्या नोकरीत असताना १८४२ साली त्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा थाटली. डॉलंडची पाच फुटी दुर्बीण घेऊन तो रात्री जोडतारे मोजत बसे. अशा २४४ जोड्यांची यादी त्याने पुण्याहून तयार केली. १८४८ च्या अखेरीस तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला.

जोडतारे मोजणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहावे. दुर्बिणीच्या नेत्रभिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ताणलेले असतात. एक तंतू दोन्ही ताऱ्यांवरून जाईल असा फिरवायचा, वर्तुळावरचा कोन वाचायचा. मग स्क्रू हळूच फिरवून दुसरा तंतू दुसऱ्या ताऱ्यावर आणायचा आणि अंतर वाचायचे. हवा थरथरत असते, तारे उकळत्या पाण्यातल्या दाण्यांसारखे हलत असतात. एका जोडीचे असे अनेक वेध घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, आणि पुन्हा पुढच्या वर्षी.

भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० ऑफ्युकी या जोडीच्या कक्षेत जेकबला खोट दिसली. दोन ताऱ्यांच्या परस्पर ओढीवरून येणारे गणित आणि प्रत्यक्ष जागा जुळत नव्हती. १८५५ साली त्याने लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत लिहिले, की या जोडीत एखादा ग्रहासारखा पिंड असण्याची दाट शक्यता आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा, मोजमापांच्या आधारावर केलेला हा बहुधा पहिलाच दावा. चाळीसेक वर्षांनी अमेरिकेत टी. जे. जे. सी यांनीही त्याच ताऱ्याबाबत तसेच म्हटले. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिले, की सी म्हणतात तशी तिघांची रचना टिकूच शकत नाही. जेकबची खोट मोजमापातली होती. तंतू आणि स्क्रू यांच्या आवाक्याबाहेरची सूक्ष्मता तो त्यांच्याकडे मागत होता. कल्पना खरी होती, अवजार अपुरे होते.

१८६२ साली जेकब पुन्हा भारतात आला. पुण्याच्या परिसरात पाच हजार फूट उंचीवर वेधशाळा उभारायची, नऊ इंची दुर्बीण लावायची, तीन वर्षे वेध घ्यायचे, असा बेत होता आणि ब्रिटिश संसदेने त्यासाठी हजार पौंड मंजूर केले होते. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला. १६ ऑगस्टला पुण्यात वारला. त्याला पन्नाशीही गाठता आली नाही. ऐन पावसाळ्यात आलेल्या त्या माणसाला डोंगरावरचे स्वच्छ आभाळ एकदाही मिळाले नाही, हे वाचून मन हळहळते.

आज सर्वाधिक ग्रह सापडतात ते आणखी एका वाटेने, अधिक्रमणाच्या. ६ जून २०१२ च्या सकाळी ज्यांनी सुरक्षित काचेतून सूर्य पाहिला, त्यांना त्याच्या तबकडीवरून सरकणारा शुक्राचा काळा ठिपका आठवत असेल. सूर्य तेव्हा सुमारे हजारात एका भागाने मंदावला होता. कुणाला जाणवलेही नाही, पण चांगल्या प्रकाशमापकाला ते कळते. लांबच्या ताऱ्यांबाबत हेच करायचे. १९९९ साली एचडी २०९४५८ या ताऱ्याचा उजेड दर साडेतीन दिवसांनी सुमारे दीड टक्क्याने घटतो, असे दिसले. अधिक्रमणातून पकडलेला हा पहिला ग्रह, आणि हा ताराही त्याच पेगासस म्हणजे महाश्व समूहात आहे. मात्र त्याला द्विनेत्री लागेल.

या पद्धतीत नशिबाचा भाग मोठा. ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असावी लागते. पृथ्वीसारख्या कक्षेबाबत दोनशेत एखाद्याच वेळी तसे जमते. म्हणून २००९ मध्ये सोडलेल्या केपलर दुर्बिणीने दीड लाखांवर ताऱ्यांवर एकाच वेळी डोळा ठेवला आणि अडीच हजारांहून अधिक ग्रह मिळवले. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर उजेड दहा हजारांत एका भागाहूनही कमी घटतो. ताऱ्यावरचा डाग किंवा मागची एखादी ग्रहणकारी तारकांची जोडी सहज फसवते. त्यामुळे घट दिसली की लगेच ग्रह म्हणत नाहीत. शक्य तिथे डोलणे मोजून वस्तुमान काढतात, मग खात्री देतात.

अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने अबूच्या गुरुशिखरावर हेच काम केले. केपलरने घट टिपलेल्या, सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याचे डोलणे तिथल्या 'पारस' वर्णपटमापकाने मोजले. २०१८ साली जाहीर झाले, की त्याच्याभोवती १९.५ दिवसांत फिरणारा, पृथ्वीच्या २७ पट वस्तुमानाचा आणि सहा पट त्रिज्येचा ग्रह आहे. आकार एका पद्धतीने, वजन दुसरीने. दोन्ही हाती आले की तो खडक आहे की वायूचा गोळा, ते ठरवता येते.

महाराष्ट्रात ग्रहांचा शोध रेडिओ लहरींतून घेतला गेला. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांचे जीएमआरटी आहे. गुरू ग्रहाकडून रेडिओ लहरी येतात, मग दूरच्या ग्रहांकडूनही येत असतील, या विचाराने फ्रेंच आणि पुण्यातल्या संशोधकांनी एचएटी-पी-११बी या ग्रहाकडे अँटेना वळवल्या. २००९ च्या वेधांत ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा १५० मेगाहर्ट्झची लहर लोपल्यासारखी वाटली. २०१० मध्ये पुन्हा ऐकले, तर काहीच नाही. २०१३ च्या शोधनिबंधात त्यांनी शीर्षकातच याला फक्त 'चाहूल' म्हटले. या संयमाचे मोल मोठे आहे. जेकबच्या वेळी खगोलशास्त्राला जे जमले नव्हते, ते खोडदच्या त्या एका शब्दात आहे.

नावाचा मान मात्र पुण्याच्या वाट्याला आलाच. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्रत्येक देशाला एकेका ग्रहमालेचे नाव ठेवायला सांगितले. भारताकडे एचडी ८६०८१ हा तारा आला. त्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' म्हटले, आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस'. हे संस्कृत नाव सुचवले ते पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने. संतमसाचे वर्ष दोन दिवस आणि काही तासांचे.

सप्टेंबर २०२५ मध्ये ज्ञात बाह्यग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. आकाशातली ताऱ्याची जागा मोजून, म्हणजे जेकबच्याच वाटेने, सापडलेले त्यांत अगदी मोजके. ती उणीव भरून निघण्याच्या बेतात आहे. युरोपच्या गाया यानाने दहा वर्षांहून अधिक काळ अब्जावधी ताऱ्यांच्या जागा मोजल्या. त्या मोजणीतून डोलताना दिसलेल्या एका ताऱ्याचा ग्रह, गाया-४बी, २०२५ साली वर्णपटानेही पक्का झाला. गायाच्या माहितीचा चौथा संच डिसेंबर २०२६ मध्ये खुला करण्याचे ठरले आहे आणि त्यातून असे ग्रह मोठ्या संख्येने मिळतील अशी अपेक्षा आहे. ७० ऑफ्युकीची जोडी ८८ वर्षांत एक फेरी घेते. जेकबने टिपण लिहिले, त्यानंतरच्या तिच्या दोन फेऱ्या २०३१-३२ च्या सुमारास पुऱ्या होतील. तिथे आजवर एकही ग्रह सापडलेला नाही.